ड्रायव्हरचं दार

निवृत्त होण्याआधीची दोन वर्षं आमचे मालक एकच गोष्ट शोधत होते. बसायला जागा.

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मग तो घरात मालकी गाजवो की न गाजवो. आमचे मालक एसटीत ड्रायव्हर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली. संध्याकाळी शेवटची ट्रिप घेऊन एखाद्या खेड्यात जायचं, तिथंच देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायची आणि सकाळी तीच गाडी भरून परत यायचं, की दिवसभर दुसऱ्या फेऱ्या. जन्मभर सीटवर बसलेल्या माणसाला आणखी बसायला जागा कशाला लागते, असं कुणीही म्हणेल. पण त्यांची अडचण खरी होती, आणि ती अडचण म्हणजे मी होते.

आमचं घर येरमाळ्याजवळच्या वाशीत, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पुढं एक मोठी खोली, तिचं दार रस्त्यावर. मागं स्वयंपाकघर. त्याच्या मागं उघडी पट्टी. तिथं मोरी, धुण्याचा दगड आणि शेवग्याचं झाड. मग परसाची भिंत आणि भिंतीपलीकडं बोळ. घरात यायचं-जायचं ते पुढच्या खोलीतूनच, दुसरी वाट नाही. आणि त्या पुढच्या खोलीत अकरा ते चार माझा शिवणक्लास चालतो.

क्लास सुरू केला तेव्हा तेरखेड्याची एक बाई मुलीला घेऊन पहिल्यांदा आली. तिनं मशिनं बघितली नाहीत की काय काय शिकवता ते विचारलं नाही. दारात उभी राहून आत डोकावली आणि म्हणाली, "घरात माणसं कोन असतेत?"

माणसं म्हणजे पुरुष. आपण बायका त्यात धरायच्या नसतात.

मी म्हटलं, "मालक हैत. पर ड्युटीवर असतेत."

"दिवसभर?"

"दिवसभर."

तिनं चप्पल काढली आणि मुलीला घेऊन आत आली. तिच्यामागून तिच्या गावातल्या आणखी मुली आल्या, मग आसपासच्या खेड्यांतल्या. त्या एका 'ड्युटीवर' शब्दावर माझा क्लास उभा राहिला, असं म्हटलं तरी चालेल.

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. ब्लाउज शिकायचं म्हणजे एकमेकींची मापं घ्यायची, अर्धवट शिवलेलं अंगाला लावून बघायचं, पदर बाजूला ठेवून काम करायचं. शिवाय मुली बोलतात. घरी ज्या मुलीच्या तोंडातून शब्द निघत नाही, ती मशीनवर बसली की सुरू होते. कुणाला बघायला आलेला मुलगा चहा बशीत ओतून प्यायला, कुणाची वहिनी कशी चालते, यावर खोली डोक्यावर घेतात. मी वरवर रागावते. खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठी मी सकाळची कामं भराभर उरकते. मुलं आपापल्या जागी लागली, नवरा फिरतीवर, त्या इतक्या वर्षांत मला या खोलीनं एकटं वाटू दिलं नाही.

आणि आता मालक रिटायर होणार होते.

त्यांच्याबरोबरचे एक कंडक्टर दोन-तीन वर्षं आधी निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी दुपारी गल्लीतल्या बायका जमून पापड, शेवया करायच्या. कंडक्टरसाहेबांनी रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीत खुर्ची टाकली. पेपर वाचायचा, पाणी मागायचं, चहा मागायचा, ही कुणाची कोण ते विचारायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त होता. हळूहळू बायकांनी पोळपाट उचलले आणि दुसऱ्या घरी गेल्या. त्यांची बायको मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "घरात माणूस आला आन् बायका गेल्या की वो."

तिला मी हसून उत्तर दिलं, पण घरी आले तेव्हा भाजी घ्यायची राहूनच गेली होती.

माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. भाजीवाली असो नाहीतर सरपंच, मी कुणाचं ठेवून घेत नाही. पण हे कसं बोलायचं? ज्या माणसानं लोकांच्या गावी देवळाच्या फरशीवर झोपून नोकरी केली आणि त्यातून हे घर बांधलं, त्याला म्हणायचं की बाबा, आता घरी आलास, पण बैठकीत बसू नको? माझी जीभ वळेना. मग मी भांडी आपटायला लागले. दोन डबे चेपले त्या दिवसांत.

त्याच सुमारास मालक सुट्टीच्या दिवशी गायब व्हायला लागले. आधी सुट्टी म्हणजे आंघोळ, जेवण आणि आडवं होणं. आता अकराच्या आत जेवून टोपी घालून बाहेर पडायचे ते चार वाजून गेल्यावर यायचे. मला वाटलं, पत्त्यांचा नाद लागला. शेजारीण म्हणाली, "तुमचे मालक सलूनमधी बसलेले बगितले. दाढी न्हाय, कटिंग न्हाय, नुस्तेच." पुढच्या सुट्टीला कुणीतरी त्यांना पारावर बघितलं. त्याच्या पुढच्या सुट्टीला वाचनालयात. वाचनालय म्हटल्यावर मात्र माझा संशय फार वाढला, कारण पाट्या सोडून आमच्या मालकांनी कधी काही वाचलेलं मला माहीत नव्हतं.

एका दिवशी ते परत आले आणि मी जेवायला वाढता वाढताच विषय काढला.

"कुठं असता दिवसभर?"

"जागा बघतोय."

"कशाची? प्लाट घेताव का काय?"

"बसायची. रिटायर झाल्यावर कुठंतरी बसाया लागंल न्हवं."

"काहून? घर पडलंय व्हय?"

"घरात तुझा क्लास हाय," ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

त्यांनी खाली बघूनच सांगितलं. मागं एका दुपारी ते लवकर घरी आले होते. बाहेर रस्त्यावरच त्यांना मुलींचं हसणं ऐकू आलं. ते थोडा वेळ दारात थांबले म्हणे, ऐकायला बरं वाटत होतं म्हणून. मग आत पाऊल टाकलं आणि सगळं बंद. मुली उभ्या राहिल्या, ओढण्या सारख्या केल्या, मशीनची चाकं थांबली.

"इतकी वर्सं गाडी हाकली," ते म्हणाले, "माझ्यामुळं बसलेल्या मान्साला कधी उठावं लागलं न्हाय. आन् माझ्याच घरात म्या आलो की पोरी उठतेत. बरं न्हाय दिसत ते."

जे मी महिनोन्महिने भांड्यांना सांगत होते, ते या माणसाला कुणी न सांगता कळलं होतं. मला फार बरं वाटलं. मी त्यांच्या नको-नकोकडं लक्ष न देता ताटात आणखी एक भाकरी टाकली.

डेपोत त्या वेळी त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांचे बेत चालले होते. कुणी शेताला पाइपलाइन करणार, कुणी मुलाकडं पुण्याला जाणार, कुणी खासगी शाळेची गाडी चालवणार. आमच्या मालकांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, जागा बघतोय, आणि लोकांना वाटायचं, दुसरी नोकरी शोधताहेत. पण प्रत्येक सुट्टीला ते खरोखर एकेक जागा तपासून यायचे आणि संध्याकाळी मला अहवाल द्यायचे. हॉटेलात बसायचं तर चहा घ्यावा लागतो, आणि चहा घेतला की पित्त होतं. पारावरची म्हातारी मंडळी रोज कोण गेलं तेवढंच बोलतात. सलूनमध्ये गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं. वाचनालयात पंखा चांगला, पण तिथं घोरलेलं चालत नाही. स्टँडवर बसावं तर जुनी मंडळी गाडीतून मान काढून विचारणार, करमत नाही का. एकूण वाशी गावात रिटायर माणसाला अकरा ते चार सुखानं बसता येईल अशी जागा नाही, असा निकाल त्यांनी दिला.

मग एका सुट्टीला ते येरमाळ्याहून टेम्पोत एक चौकट घालून घेऊन आले. दारासकट. जुनी, कुठल्या तरी पाडलेल्या घराची, रंग उडालेली, पण लाकूड दणकट. मी कंबर कसून तयारच होते. घरात दारं आहेत तेवढी पुरेत, हे भंगार कशाला, ठेवायचं कुठं, असं सगळं एका दमात बोलून घेतलं.

"असू दे. लागंल," एवढंच ते म्हणाले आणि चौकट शेवग्याला टेकवून ठेवली. शेजारणीची कोंबडी तिच्यावर येऊन बसायला लागली. मी येता-जाता त्या चौकटीला नावं ठेवायचे आणि ते ऐकून घ्यायचे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांची गाडी केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लावून सजवली होती. शेवटच्या ट्रिपला मुक्कामाच्या गावची माणसं फाट्यावर येऊन थांबली होती, नारळ फोडले, फेटा बांधला. मालकांनी स्टिअरिंगच्या पाया पडून चावी दिली. घरी आल्यावर त्यांनी फेटा सोडून खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडची रीतच ती. टॉवेल-टोपी घेऊन यायचं, खव्याचे पेढे आणायचे, आता आराम करा म्हणायचं. येणारे पुढच्या खोलीत बसणार आणि मालकांना त्यांच्यासमोर बसावंच लागणार. मी क्लासला काही दिवस सुट्टी दिली. काही दिवसांचे बरेच दिवस झाले. कपाटात टॉवेलांचा ढीग लागला. शेवटी क्लास उघडला तेव्हा मुली आल्या त्या अगदी थोड्या. त्याही मान खाली घालून टीप मारायच्या. मालक त्या वेळी स्वयंपाकघरात बसून असायचे, खोकलासुद्धा दाबायचे, पण बाहेर जायचं तर मुलींमधूनच जावं लागायचं.

एका दुपारी एका मुलीची आई आली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, राग मानू नका. आता दादा घरीच असतेत न्हवं? तिचे बाप नको म्हनतेत." तिनं मुलीचं अर्धवट कापलेलं कापड घडी करून पिशवीत घातलं. मी तिला 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांत उभं केलेलं माझ्या डोळ्यांदेखत एकेका पिशवीतून जात होतं, आणि दोष कुणाचा म्हणावा तर कुणाचाच नव्हता. स्वयंपाकघरात मालकांनी सगळं ऐकलं होतं.

सकाळी ते गवंडी घेऊनच आले. मागची परसाची भिंत मधोमध फोडली आणि शेवग्याला टेकलेली ती चौकट तिथं बसवली. कोंबडीनं फार आरडाओरडा केला. भिंतीच्या कडेनं पत्रे टाकले, खाली बाज टाकली, पाण्याचा माठ ठेवला. उन्हाच्या बाजूला आडोसा हवा होता, तर मी ते सत्काराचे टॉवेल एकाला एक जोडून पडदा शिवून दिला. आता घराला बोळाकडून दार झालं. मालक स्वयंपाकघरातून उठून मागच्या मागं बाहेर जाऊ शकत होते, आणि त्यांना भेटायला येणारा पुढं न येता बोळातून थेट बाजेपर्यंत येऊ शकत होता.

"हे आधी का न्हाय सांगितलं?" मी विचारलं. "वरीसभर त्या चौकटीला शिव्या घातल्या म्या."

"सांगितलं असतं तर तू नको म्हनाली असतीस."

आणि ते खरं होतं. मी नको म्हटलं असतंच. मोरी, धुणं, परस, ही बायकांची बाजू. पुरुषानं पुढं बसायचं, मागं बायकांनी वावरायचं, हे आमच्या गावात कुणी शिकवत नाही, ते असतंच. घरच्या कर्त्या माणसानं बोळातल्या दारानं ये-जा करायची आणि धुण्याच्या दगडाशेजारी बैठक मांडायची म्हणजे लोकांच्या तोंडी विषय. मालकांनी त्यावर आणखी कळस केला. पुढच्या दारावरची आपल्या नावाची पाटी काढली आणि बोळातल्या दारावर ठोकली. पुढं नुसती क्लासची पाटी राहिली. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "म्हन्तील, क्लास हाय."

हे ऐकून धाकटे दीर गावाकडून तावातावानं आले. पुढच्या दारात उभं राहून हाका मारायला लागले. मुली होत्या म्हणून मी त्यांना बोळातून यायला सांगितलं, तर आणखी भडकले. वळसा घालून आले आणि बाजेवर बसायलाही तयार होईनात.

"दादा, तुमी सोताच्या घरात चोरासारखं मागल्या दारानं शिरताव? मोरीपाशी बसताव? आपल्या घराची काय इज्जत ठिवली का न्हाय?"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मला वाटलं, आता हे ढिले पडणार. भाऊ बोलला की माणसाला लागतं.

मालक हसले. म्हणाले, "अरे, एसटीत पाशिंजर एका दारानं चढतंय आन् ड्रायव्हरचं दार निराळं असतंय. ड्रायव्हर पाशिंजरातनं घुसत गेलेला बगितला व्हय कधी? म्या जन्मभर त्याच दारानं चढलो. तवा माझी इज्जत गेली न्हाय, ती आता कशी जाईल?"

दीर बाजेवर टेकले. चहा दोनदा घेतला आणि जाताना पडद्याला हात लावून म्हणाले, "टावेल चांगले हैत." ते बोळातूनच गेले.

मी आतून ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. तेही त्यांच्या डोक्याला फेटा नसताना.

मागची बैठक आता चांगली जमली आहे. मुक्कामाच्या गावची माणसं बाजारच्या दिवशी वाशीला आली की बोळातून आत येतात. त्यांनी वर्षानुवर्षं यांना भाकरी-कालवण आणून दिलेलं. त्यांच्या पिशव्या बाजेखाली राहतात, माठातलं पाणी पितात, मालक स्वतः चहा करून देतात. चहा ते मुक्कामावर शिकलेले आहेत, माझ्यापेक्षा बरा होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते कंडक्टरसाहेबही रोज येऊन बसतात. परवा त्यांची बायको मला म्हणाली की तिच्याकडं पापडाच्या बायका परत यायला लागल्यात. मागं बाजेपाशी रेडिओ लावतात, पण आवाज कमी. ज्या मुली गेल्या होत्या त्यांतल्या बहुतेक परत आल्या. खोलीत पुन्हा दंगा सुरू झाला.

चार वाजता मुली गेल्या की मालक पुढं येतात. खुर्चीत बसून रस्ता बघतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मनाशी म्हणतात. पण यायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारतात, "येऊ का?" पहिले काही दिवस मला ते टोचायचं. घर त्यांचं आणि विचारायचं त्यांनी? मी म्हटलंसुद्धा, विचारू नका, सरळ या. तर म्हणाले, एखादी पोरगी मागं राहिलेली असती. मग मी बोलायचं सोडून दिलं. 'या' म्हणायला शिकले.

मागच्या महिन्यात लग्नसराईची गर्दी होती, क्लास चारच्या पुढं गेला होता. मुली शेवटचे हूक लावत होत्या. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली, बरोबर तरणी मुलगी, लाजून आईच्या मागं लपलेली. लांबच्या वस्तीवरून आल्या होत्या. बाईनं मशिनं बघितली नाहीत. आत डोकावून तिनं तोच प्रश्न केला.

"घरात माणसं कोन असतेत?"

'ड्युटीवर' हा शब्द जुन्या सवयीनं माझ्या जिभेवर आला होता. तो आता खोटा होता. खरं सांगावं तर ही मुलगी हातची जाणार, हेही दिसत होतं. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तोवर मागून आवाज आला.

"येऊ का?"

मी म्हटलं, "थांबा जरा. पावणे आलेत."

"बरं," आतून आवाज आला, आणि चपला परत मागं गेल्या. बाज वाजली.

बाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "कोन हैत?"

"मालक."

"घर तेंचंच हाय न्हवं?"

"तेंचंच. तेनीच बांधलंय."

बाईनं चप्पल काढली, मुलीला हाताला धरून आत आणलं आणि खिडकीजवळच्या मशीनवर बसवलं. मुलीनं चाकाला बोट लावून बघितलं. "सोमवारपास्नं धाडते," बाई म्हणाली.

सगळ्या गेल्यावर मी मागं गेले. मालक टोपी घालून बाजेवर तयार बसलेले होते.

"या," मी म्हटलं.

ते उठले. दारातून आत येता येता त्यांनी विचारलं, "नवी पोरगी हाय का? हसरी हाय?"

मी म्हटलं, "अजून लाजती. पर हसंल."